चिंधाने मोडलेला अमेरिकेचा संप

चिंधाने उभ्या आयुष्यात एकही चेंडू धड झेललेला नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. दमणगंगेकाठच्या डोकमर्डी गावात एका खोलीत मी त्याच्याबरोबर सहा वर्षं काढली. खोलीत आम्ही चौघं. कुणी लांबून साबणाची वडी फेकली तरी ती ह्याच्या छातीवर आपटून बादलीत पडायची. पण इटलीतल्या कुठल्या क्लबाने कुठला गोलकीपर विकायला नको होता, यावर ह्याचं मत सकाळी दात घासायच्या आत तयार. आणि मत नुसतं असून भागत नसे, ते आपल्याला ऐकावंही लागे.

आम्ही दोघं मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात होतो. मी मशीनवर, तो पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे काय, तर धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी मोठी रिळं, खोक्यात बसवायचे, ते हलू नयेत म्हणून मधल्या फटींत रद्दीचे बोळे कोंबायचे आणि वरून टेप मारायची. ही रद्दी ऑफिसातून यायची. साहेबांच्या केबिनमधली इंग्रजी वर्तमानपत्रं, कॅन्टीनमधली मराठी, हिशेबवाल्यांची गुजराती. चिंधा पारोळ्याकडचा, मॅट्रिकला इंग्रजीत पास आणि गणितात नापास. त्यामुळे इंग्रजी पान बोटाने ओळ धरून का होईना, वाचायचा. त्याने सात वर्षांत जेवढी खोकी भरली, त्यातल्या एकाही खोक्यात खेळाचं पान गेलं नाही. भिवंडीच्या व्यापाऱ्यांना आमच्या खोक्यांतून सोन्याचे भाव मिळाले, लग्नाच्या जाहिराती मिळाल्या, मंत्र्यांची भाषणं मिळाली. खेळाचं पान मात्र चिंधाच्या शर्टाच्या आत, पोटाशी.

ही पानं दोन-चार दिवसांची शिळी असत. चिंधाला त्याचं काही वाटत नसे. सामना संपून गेलाय, जग पुढच्या सामन्याला लागलंय, आणि हा इकडे मागच्या सामन्यात कप्तानाने काय चुकवलं ते सांगतोय. त्याचा आवडता काळ म्हणजे तिकडचा उन्हाळा. आमच्याकडे धो धो पाऊस, दमणगंगा फुगलेली, खोलीतल्या दोरीवरच्या चड्ड्या चार दिवस वाळत नाहीत, आणि हा ओल्या गोधडीवर बसून म्हणणार, "आता तिकडे उन्हाळा लागला ना भो. आता क्लबांची अदलाबदल चालू होईल."

चौऱ्याण्णवचा उन्हाळा तर त्याला लॉटरीच लागली. अमेरिकेत फुटबॉलचा वर्ल्डकप. त्याची फायनल गोलाशिवाय संपली आणि निकाल पेनल्टीवर लागला. यावर चिंधा तीन दिवस नाराज. "पेपर तपासायचा कंटाळा आला म्हणून चिठ्ठ्या टाकून पोरं पास केल्यासारखं झालं हे." इंग्लंडात एका कौंटी सामन्यात एकट्या फलंदाजाने पाचशेएक धावा केल्या. मी म्हटलं, बॉलर कंत्राटी असणार. तो हसला नाही. खेळाच्या बाबतीत त्याला थट्टा चालत नसे.

त्याच्या मतांत एक मत सगळ्यांत पक्कं होतं. जो खेळाडू जास्त पैशांसाठी आपला क्लब सोडतो तो विकाऊ. मग तो केवढाही मोठा असो. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने अशा विकाऊ लोकांची नावं पेन्सिलने लिहून ठेवली होती. अकरा नावं झाली तेव्हा म्हणाला, "टीम तयार झाली. कोच बाकी आहे." मी विचारलं, अरे बाबा, त्या माणसाला तिकडे दुप्पट देतात, त्याने काय करायचं? तर म्हणे, "सोबतच्यांना सोडून जायचं नसतं, रघुनाथ. टीम म्हणजे टीम. मले नको शिकवू."

आता हा उपदेश कोण करतंय ते बघा. आम्ही चाळीस जण कंत्राटावर होतो. कंत्राटदार कल्पेशभाई. कायद्यात असं काहीतरी होतं की माणसाचे वर्षात दोनशेचाळीस दिवस भरले की त्याचा कंपनीवर हक्क तयार होतो. म्हणून ते भरायच्या आत कल्पेशभाई सगळ्यांना ब्रेक द्यायचा. गेटवर उभा राहून हाजरी कार्डं गोळा करायचा आणि गोड हसून म्हणायचा, "पंदर दिवस पछी आवजो." पंधरा दिवसांनी गेलं की नवीन कार्ड, नवीन तारीख, आणि तुम्ही कंपनीत आजच लागलेले. असा चिंधा सात वर्षांत सात वेळा नवीन लागला होता. मी सहा वेळा. एकदा मी त्याला चिडवलं, "चिंधा, तुला तर तुझा क्लब दरवर्षी फुकटात सोडतो." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या आईला काही बोललो. म्हणाला, "ते वेगळं."

वेगळं कसलं डोंबल. ब्रेकमध्ये तो गावी जायचा. गावी त्याची बायको केसरबाई आणि मुलगी कावेरी, आठ वर्षांची. चौघा पुरुषांच्या खोलीत त्यांना आणणार कुठे? मग त्या तिकडे, हा इकडे. कावेरीला बाप म्हणजे ब्रेकमध्ये येणारा माणूस. एकदा तिने गावच्या मास्तरांना सांगितलं होतं की माझे बाबा पावसात येतात. चिंधाने हे आम्हाला हसत हसत सांगितलं आणि मग बराच वेळ दाराकडे तोंड करून पेन्सिलने काहीतरी खरडत बसला.

परमनंट माणसाला मात्र कंपनीचं क्वार्टर होतं. दीड खोली, पण स्वतःची मोरी, आणि शाळा पाच मिनिटांवर. त्या वर्षी जूनमध्ये बोर्डावर नोटीस लागली की पंधरा ऑगस्टला चाळीसातल्या पाच जणांना परमनंट करणार. सगळ्यांत जुने आम्ही दोघं. मी मनातल्या मनात लोखंडी कपाट कुठल्या भिंतीला ठेवायचं ते ठरवून टाकलं होतं. चिंधाने केसरबाईला पत्र टाकलं की कावेरीचा दाखला काढून ठेव. असं सगळं चांगलं चाललेलं, आणि त्यात अमेरिकेने घोळ घातला.

तिकडे बेसबॉल नावाचा खेळ असतो. चिंधाने तो कधी पाहिला नव्हता, पण एक फोटो पाहिला होता, आणि तेवढ्यावर त्याने नियम सांगायला सुरुवात केली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला खेळाच्या पानात आलं की बेसबॉलचे खेळाडू संपावर जाणार. मालक लोक पगारावर मर्यादा घालायला निघालेत आणि खेळाडूंना ते मान्य नाही. बारा ऑगस्टपासून सगळे बाहेर. मला वाटलं, आता हा त्यांची सालटी काढणार. एवढे पैसे मिळतात आणि वर संप. पण नाही. चिंधा हरखून गेला. कारण जे लाखोंनी कमावत होते तेही कालच्या नव्या पोरांबरोबर बाहेर पडणार होते. त्याच्या दारावरच्या यादीला हे पहिलं उत्तर होतं. त्याला अख्खी रात्र झोप आली नाही, म्हणजे आम्हालाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेर पाऊस, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनमध्ये अडकलेले. चिंधाने एक मोकळं खोकं उभं केलं आणि त्यावर खडूने अठ्ठावीस चौकोन काढले.

"अठ्ठावीस टीम," तो म्हणाला. "बारा तारखेला, शुक्रवारी, सगळ्या बाहेर. एकबी माणूस आत राहायचा नाही. मालकाने कितीबी बोलावलं तरी. जो आत जाईल तो विकाऊ."

लोक भाकरी हातात धरून ऐकत होते. कुणी खेळाचं ऐकत होतं, कुणाला दुसरं काही करायला नव्हतं. आणि दारात चहाची किटली घेऊन झिपरू उभा होता. झिपरू म्हणजे साहेबांचा प्यून, आमच्याच तिकडचा, अर्धं ऐकून पूर्ण सांगायची सवय असलेला. तो आला तेव्हा अमेरिका होऊन गेली होती. त्याने ऐकलं ते एवढंच की कंत्राटी पोरं शुक्रवारी बाहेर पडणार, चिंधाने खडूने आखणी केलीये आणि अठ्ठावीस टोळ्या तयार आहेत. किटली तिथेच ठेवून तो सरळ केबिनमध्ये.

आमचे मॅनेजर चंद्रकांतसाहेब पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण संप हा शब्द ऐकला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. तसं सगळ्या मसाटचंच पळायचं. इकडे कारखाने आले तेच मुळी टॅक्स नाही आणि संप नाही म्हणून. साहेबांनी हजेरीपट घेतला आणि अठ्ठावीस टोळ्या कुठून येतात ते मोजू लागले. आम्ही सगळे मिळून चाळीस. एका टोळीत दीड माणूस येत होता. तेव्हा त्यांची खात्री पटली की आजूबाजूचे कारखानेही सामील आहेत. त्यांनी मुंबईला शेठना फोन लावला.

सोमवारी चिंधाला बोलावणं आलं. आत काय झालं ते अर्धं मला झिपरूने सांगितलं, अर्धं पुढे चिंधानेच.

"बसा, चिंधाभाऊ," साहेब म्हणाले.

सात वर्षांत चिंधा त्या केबिनमध्ये दोनदा गेला होता, दोन्ही वेळा रद्दी आणायला. तेव्हा कुणी बसा म्हटलं नव्हतं आणि भाऊ तर नाहीच. झिपरूने कपबशीत चहा आणला. चिंधाने बशी तशीच धरून ठेवली.

"शुक्रवारचं आमच्या कानावर आलंय," साहेब म्हणाले. "तुम्ही लोकांचे पुढारी आहात. आपण बोलून मार्ग काढू. एवढ्या टोकाला जायचं कारण काय?"

चिंधाला क्षणभर काही कळेना. मग कळलं, तेव्हा तो घाबरला. त्याने शर्टात हात घातला, पोटाशी घामाने ओलं झालेलं पान काढलं आणि टेबलावर पसरलं. "साहेब, हे अमेरिकेचं आहे. आमचं काहीच नाही. तुमच्याच पेपरातलं आहे बघा."

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. झिपरू म्हणतो, साहेबांचे कान लाल झाले. त्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. शेठना फोन होऊन गेला होता. शेठनी तिकडून हुकूम सोडला होता की पुढाऱ्याला ताबडतोब परमनंट करा, क्वार्टर द्या आणि त्याच्याकडून लेखी घ्या. बाकी चौघांचं रद्द. संपाची भाषा करणाऱ्यांना परमनंट कशाला करायचं? आता चंद्रकांतसाहेबांनी परत फोन करून काय सांगायचं? की शेठ, संप आहे, पण बेसबॉलचा आहे?

साहेबांनी ते पान घडी घालून आपल्या खणात ठेवलं, खण लावला आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"हे आपल्या दोघांत राहू दे, चिंधाभाऊ. इथे सही करा."

कागदावर होतं की मी, सर्व कंत्राटी कामगारांच्या वतीने, शुक्रवारचा संप मागे घेतो. सर्वांना दरवर्षीप्रमाणे ब्रेक मान्य आहे. पुढे त्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही. खाली कामगार पुढारी, आणि सहीला जागा. कागदाच्या बाजूला क्वार्टरची किल्ली ठेवलेली. तिला सुतळीने लाकडाचा तुकडा बांधलेला, त्यावर नऊ नंबर.

"साहेब, मी पुढारी नाही," चिंधा म्हणाला.

"सही केली की झालात."

"बाकीच्या चार जागा?"

"पुढच्या वर्षी बघू."

चिंधाने विचारलं की मी सही केली नाही तर. साहेब म्हणाले, तर मग मला शेठना सांगावं लागेल की पुढारी ऐकत नाही, आणि ते पाचही रद्द करतील. झिपरूच्या म्हणण्याप्रमाणे चहावर साय धरेपर्यंत चिंधा किल्लीकडे बघत होता. मग त्याने सही केली. इंग्रजीत केली.

संध्याकाळी तो खोलीवर आला आणि मला सगळं सांगितलं. लपवलं काही नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "त्या पाचांत दुसरा मी होतो, माहीत आहे ना तुला?" तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हटलं, "ज्या संपाचा आम्हाला पत्ता नाही तो तू मागे घेतलास, आणि ज्या ब्रेकला आम्ही सात वर्षं शिव्या घालतोय तो आमच्या वतीने मान्य केलास?" तो म्हणाला, हो. मी म्हटलं, "मग दारावर तुझं नाव लिही. कोच बाकी होता ना." मला अजून वाटतं की मी ते बोलायला नको होतं, आणि अजून वाटतं की बोललो ते बरं केलं.

शुक्रवार उजाडला. तिकडे अमेरिकेत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस टीम बाहेर पडल्या. इकडे मसाटमध्ये चाळीसच्या चाळीस माणसं पहिल्या भोंग्याला आत. शेठनी चंद्रकांतसाहेबांना शाबासकीची तार केली. पुढे त्यांना बढती मिळाली, संप शांततेने हाताळल्याबद्दल. शनिवारी कल्पेशभाईने गेटवर आमची एकोणचाळीस कार्डं गोळा केली. माझ्याजवळ आला तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आ वखते तो तमारा लीडरनी सही छे." म्हणजे ह्या खेपेला ब्रेकवर आमच्याच पुढाऱ्याची सही.

मी ब्रेकमध्ये गावी गेलो नाही. वासोण्याला रस्त्याच्या कामावर खडी टाकत होतो. एका संध्याकाळी तिथून परत येताना नाक्यावर पारोळ्याकडची एसटी थांबली आणि केसरबाई उतरली. डोक्यावर ट्रंक, काखेत गाठोडं, आणि कावेरीच्या हातात तिच्या दाखल्याचं पाकीट, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. चिंधा छत्री घेऊन उभा होता. मी तोंड फिरवून निघणार होतो, तेवढ्यात केसरबाईने हाक मारली. "रघुनाथभाऊ, ह्यांनी पत्रात लिहिलं होतं, तुमच्यामुळेच झालं सगळं." मी चिंधाकडे पाहिलं. तो ट्रंकेची कडी नीट लागलीये का ते बघत होता. मग काय करता, मी ट्रंक उचलली आणि नऊ नंबरपर्यंत नेऊन दिली. कावेरी वाटेत बापाला विचारत होती, "बाबा, तुमचा ब्रेक कधी संपणार?" तो म्हणाला, आता नाही ब्रेक. तिला ते पटेना. ती दर चार पावलांनी विचारत होती.

अमेरिकेचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्यांची मोठी फायनल रद्द झाली. दोनशेबत्तीस दिवस ते लोक बाहेर होते, असं पेपरात आलं. मी ते कॅन्टीनमध्ये वाचलं आणि बोटांवर मोजलं. दोनशेचाळीसाला आठ कमी. मला ते चिंधाला सांगायचं होतं, असं काही सापडलं की सांगायला दुसरं माणूस नव्हतं. पण आमचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

आणि एक झालं. चिंधा खेळाची पानं काढून घेईनासा झाला. आता भिवंडीला जाणाऱ्या खोक्यांतून वर्ल्डकप, टेनिस, कौंटी, सगळं जायला लागलं. कुणी विचारलं की यंदा काय म्हणतो उन्हाळा, तर म्हणायचा, "वाचलं नाही बुवा." पोरं म्हणायची, परमनंट झाला, आता भाव खातो. खोलीच्या दारावरची नावं मी पुसायला घेतली होती, पण पेन्सिल खोलवर गेली होती, दाब देऊन लिहायचा तो. अकराच्या खाली बारावं नाव होतं, त्याच्याच अक्षरात. ते मला त्याने खोली सोडल्यावर दिसलं.

पंच्याण्णवच्या जुलैत मी आठव्यांदा नवीन लागलो. पुढच्या वर्षी बघू म्हणालेल्या चार जागांचं कुणी नाव काढलं नाही. पहिल्याच आठवड्यात रद्दीच्या गठ्ठ्यात मला एक बातमी दिसली. इंग्लंडातल्या कुठल्याशा क्लबाचा एक खेळाडू, बारा वर्षं एकाच ठिकाणी, तिथल्या लोकांचा लाडका, दुप्पट पैशांसाठी दुसरीकडे निघाला होता. खाली त्याच्या जुन्या चाहत्यांचा फोटो, शर्ट जाळताना. जेवणाच्या सुट्टीत मी ते पान घेऊन पॅकिंगला गेलो. माझ्यामागे पाच-सहा जण आले. खोटं कशाला बोलू, मला त्याला टोचायचंच होतं.

"चिंधाभाऊ," मी म्हटलं, साहेब म्हणाले होते अगदी तसं. "ह्याच्याबद्दल मत सांगा. विकाऊ की नाही?"

चिंधाने कोन खाली ठेवला. हात पँटला पुसले. पान घेतलं आणि पूर्वीसारखं बोटाने ओळ धरून शेवटपर्यंत वाचलं. फोटोही पाहिला. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"क्वार्टर दिलं का त्याले?" त्याने विचारलं.

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

"लिहीत नाहीत ते," चिंधा म्हणाला. मग त्याने त्या पानाचा बोळा केला, दोन कोनांच्या मधल्या फटीत नीट दाबून बसवला आणि खोक्यावर टेप मारली.